न्हाण गेले, विटाळ राहिला

मुलीला पहिली पाळी आली हे सांगायला जुन्या मराठीत शब्दांची वाण नव्हती. तिला न्हाण आले, पदर आला, ऋतू प्राप्त झाला, ती शहाणी झाली, असे घरातल्या बायका म्हणत आणि शेजारणीही मोकळेपणी म्हणत. दर महिन्याच्या पाळीसाठी शब्दांची दुसरी रांग होती: बाहेर बसणे, दूर होणे, अडचण येणे, कावळा शिवणे, विटाळशी. यातली पहिली रांग आता ओस पडली आहे. ‘न्हातीधुती’ हा शब्द म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तेवढा ऐकू येतो, आणि ‘पदर आला’ म्हणजे काय झाले हे आजच्या मुलीला समजावून सांगावे लागते. दुसऱ्या रांगेतले शब्द मात्र शहरातल्या फ्लॅटमध्येही अर्थ न सांगता कळतात. एकाच गोष्टीच्या दोन शब्दकुळांपैकी एक मरते आणि दुसरे जगते, तेव्हा मधल्या काळात समाजात काहीतरी घडलेले असते. पाळीविषयीची चोरटेपणाची भावना पूर्वापार चालत आली आहे, असे आपण गृहीत धरतो. विटाळ खरोखरच पूर्वापार आहे. पण मुलीच्या पहिल्या पाळीभोवतीचा चोरटेपणा तेवढा जुना नाही. तो महाराष्ट्रात गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत घडला, आणि ज्या सुधारणेने मुलींना बालपणीच्या मातृत्वातून सोडवले तिच्याच पोटी तो जन्मला, असे माझे म्हणणे आहे.

न्हाणाचा सोहळा कसा होता ते आधी पाहू. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पुणे जिल्ह्याचा खंड १८८५ साली निघाला. त्यात जातवार चालीरीती नोंदताना मुलगी वयात येण्याचे विधी बारसे, मुंज, लग्न यांच्याच ओळीत, काही आडपडदा न ठेवता दिले आहेत. मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होऊन गेलेले असे. न्हाण आले की घरात साखर वाटली जाई आणि नातलगांकडे निरोप जाई. माजघरात किंवा ओसरीवर केळीचे खांब, आरसे, रंगीत कागद लावून मखर करत आणि मुलीला नटवून त्यात बसवत. वाजंत्री लागत. ओळखीपाळखीच्या बायका पक्वान्ने घेऊन येत. चौथ्या दिवशी सुवासिनी तिला न्हाऊ घालत आणि तिची ओटी भरत. जात्यावरच्या ओव्यांतही हे न्हाण आले आहे, म्हणजे हा सोहळा पेठांतल्या वाड्यांपुरता नव्हता. ऐपतीप्रमाणे त्याचा थाट कमीजास्त होई, इतकेच. ज्या मखरात भाद्रपदात गणपती आणि गौरी बसत, तोच शब्द या मुलीच्या आसनालाही होता. आणि त्याच आसनावर ती तीन दिवस अस्पर्श असे. तिला शिवायचे नाही, तिने स्वयंपाकघराकडे फिरकायचे नाही, देवाकडे पाहायचे नाही. गौरव आणि विटाळ एकाच पाटावर बसलेले होते. एका मुलीला एकाच वेळी कौतुकाने न्याहाळायचे आणि तिच्यापासून चार हात दूरही राहायचे, यात त्या काळच्या माणसांना विसंगती वाटत नसे.

ही जाहीर वागणूक निव्वळ हौस नव्हती, तिच्यामागे शास्त्राची गरज होती. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी, म्हणजे बाबा पाध्ये यांनी, १७९० साली ‘धर्मसिंधू’ लिहिला आणि पुढची शंभर-दीडशे वर्षे मराठी भिक्षुकांचा तो हाताशी असलेला ग्रंथ झाला. त्याआधी कमलाकरभट्टांचा १६१२ सालचा ‘निर्णयसिंधू’ होता. दोन्ही ग्रंथांत प्रथम रजोदर्शनाचा विचार जन्मवेळेच्या विचारासारखा केलेला आहे. कोणत्या महिन्यात, कोणत्या तिथीला, कोणत्या वारी, कोणत्या नक्षत्रावर, अंगावर कोणते वस्त्र असताना पहिली पाळी आली, यावरून मुलीच्या सौभाग्याचे आणि संततीचे भाकीत होई. वेळ अशुभ निघाली तर शांत करावी लागे, म्हणून तो विधी ऋतुशांती. आता भाकीत करायचे तर वेळ कळली पाहिजे, आणि कळायची तर मुलीने सांगितले पाहिजे. तिने सासूला सांगायचे, सासूने घरातल्या कर्त्याला, कर्त्याने भटजींना. चौथ्या माणसापर्यंत बातमी पोचल्याशिवाय विधीच उभा राहत नसे. पहिली पाळी लपवणे ही गोष्ट या व्यवस्थेत बसण्यासारखीच नव्हती.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण जुन्या सोहळ्यांचे वर्णन वाचताना मन सहज हळवे होते. मखरातली मुलगी अकरा-बारा वर्षांची होती. वाजंत्री वाजत होती ती तिला काही नवे समजले म्हणून नव्हे, तर ती आता नवऱ्याच्या स्वाधीन करण्याजोगी झाली म्हणून. पहिल्या ऋतूपासून सोळा रात्रींच्या आत गर्भाधान व्हावे, असा आग्रह होता. आनंदीबाई जोशी अमेरिकेला जाऊन डॉक्टर झाल्या हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांचे लग्न नवव्या वर्षी झाले होते आणि चौदाव्या वर्षी त्यांनी एक मूल जन्माला घालून गमावलेही होते. न्हाणाचे कौतुक त्या मुलीच्या वाट्याला ज्या किमतीला येत होते ती किंमत ही होती. तेव्हा न्हाण परत आणावे, असे सुचवण्याचा माझा हेतू नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की या व्यवस्थेला दोन बाजू होत्या आणि आपण त्यांतली एकच मोडली.

दुसरी बाजू विटाळाची, आणि ती फार खोल गेलेली आहे. तैत्तिरीय संहितेत इंद्राने विश्वरूपाला मारल्याची कथा आहे. त्या ब्रह्महत्येचा एकेक तृतीयांश पृथ्वीने, झाडांनी आणि स्त्रियांनी घेतला, आणि स्त्रियांनी घेतलेला वाटा म्हणजे रजस्वलेचे रूप, असे ती कथा सांगते. लगेच नियमांची यादी येते: तीन रात्री तिने केस विंचरू नयेत, काजळ घालू नये, सूत कातू नये, नखे काढू नयेत. नियम मोडले तर मूल टकले होईल, आंधळे होईल, असे एकेका नियमापुढे लिहिले आहे. शिक्षा तिला नाही, अजून न जन्मलेल्या मुलाला आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला वचकात ठेवायचा याहून परिणामकारक मार्ग सापडणे कठीण. पराशरस्मृतीने पुढे यात जात आणून बसवली. रजस्वला पहिल्या दिवशी चांडाळीसमान, दुसऱ्या दिवशी ब्रह्महत्या करणारीसमान, तिसऱ्या दिवशी परटिणीसमान, आणि चौथ्या दिवशी शुद्ध. मनुस्मृतीतही ज्यांना शिवल्यावर स्नान करावे लागते अशांच्या एकाच श्लोकात रजस्वला, बाळंतीण, पतित, प्रेत आणि अंत्यज एकत्र येतात. मराठीत अस्पृश्याच्या स्पर्शालाही विटाळ आणि पाळीलाही विटाळच म्हणतात, तो निव्वळ शब्दाचा योगायोग नाही. सवर्ण घरातली मुलगी महिन्यातून तीन दिवस जे अनुभवी, ते गावकुसाबाहेरचा माणूस जन्मभर भोगत असे. डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात नेमका हाच भेद मांडला आहे: जन्म, मृत्यू, ऋतू यांमुळे येणारी तात्पुरती अशुद्धी जगभरच्या समाजांत सापडते, पण स्नानाने न जाणारी, वंशपरंपरेने चालणारी अशुद्धी ही हिंदू समाजाची खास रचना आहे. या मुद्द्याला जोडून पुढे जावेसे वाटते. घरातला विटाळ दर महिन्याला पाळला जात होता म्हणूनच गावातला विटाळ पोरासोरांनाही नैसर्गिक वाटत होता. स्पर्शाने माणूस बाटतो, हा पाठ मूल आईच्या पदराजवळच शिके. रांगते नागडे पोर तिला शिवले तर चाले, अंगात सुती कपडा आला की चालत नसे. लोकर आणि रेशीम विटाळ घेत नाहीत, हेही त्याला पाठ असे.

या समजुतीला महाराष्ट्रात कोणी हरकत घेतली नाही असे नाही. सातवाहनांच्या काळातल्या ‘गाथासप्तशती’त पुष्पवती स्त्री येते. तिला शिवू नये हे तिथल्या प्रियकराला ठाऊक आहे, आणि तरी तो नियम जुमानत नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी याविषयी दिलेले उत्तर महानुभाव परंपरेने जपले आहे. शरीराच्या द्वारांतून जसे इतर मळ स्रवतात तसाच हाही एक स्राव, तो थांबतो, त्याचा विटाळ धरू नये, असा त्याचा आशय आहे. चौदाव्या शतकात चोखोबांच्या पत्नी सोयराबाई त्याही पुढे गेल्या. सगळे देहाला विटाळ म्हणतात, पण विटाळावाचून कोणता देह उत्पन्न झाला, असा त्यांच्या अभंगातला प्रश्न आहे. तो प्रश्न जातीच्या आणि ऋतूच्या, दोन्ही विटाळांना एकदमच लागू पडतो, कारण विचारणारी बाई दोन्हींच्या कात्रीत होती. वारकऱ्यांनी सोयराबाईंचे अभंग गायले, आणि घरी येऊन बायकांना बाहेर बसवले.

घराघरांत विटाळ टिकवण्याचे काम पोथ्यांपेक्षा कहाण्यांनी केले. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी येते. आघाड्याच्या काड्यांनी दात घासून, स्नान करून सप्तर्षी आणि अरुंधतीची पूजा करायची, बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, म्हणून ती मिसळीची ऋषीची भाजी. व्रत कशासाठी? विटाळशी असताना कळत-नकळत घरात शिवाशिव झाली असेल, त्या दोषाच्या निवारणासाठी. कहाणीत एका बाईने विटाळ घरात कालवला म्हणून ती पुढच्या जन्मी कुत्री झाली आणि तिचा नवरा बैल झाला, मुलाच्याच दारात. ही कहाणी ऐकायला परकरातल्या मुली आजीजवळ बसलेल्या असत. पाळी येण्याआधीच पाळीतल्या पापाची शिक्षा त्यांना समजलेली असे.

आता १८९१ कडे येऊ. बेहरामजी मलबारींनी १८८४ मध्ये बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्यावर टिपणे प्रसिद्ध केली. जोतीराव फुल्यांनी त्याच वर्षी त्यांवर आपले मत कळवले. त्याच सुमारास रखमाबाईंनी, अकराव्या वर्षी लागलेल्या लग्नाचा नवरा दादाजी भिकाजी याच्याकडे नांदायला नकार दिला आणि खटला १८८८ पर्यंत चालला. १८८९ मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजोरीने मेली. ९ जानेवारी १८९१ ला संमतिवयाचे विधेयक मांडले गेले आणि १९ मार्चला मंजूर झाले. शरीरसंबंधाला संमती देण्याच्या वयाची मर्यादा दहावरून बारा झाली. वर्तमानपत्रांत, सभांत, कायदेमंडळात तेव्हा भांडण चालले होते ते मुलीच्या पहिल्या पाळीवर. बाराच्या आत ऋतू आला तर सोळा रात्रींच्या आतले गर्भाधान गुन्हा ठरेल, म्हणजे सरकार धर्मात हात घालते, हा विरोधकांचा मुख्य आक्षेप होता. टिळकांनी कायद्याला विरोध केला. मुलींची लग्ने सोळाच्या आत करू नयेत, असे त्यांनी स्वतः १८९० मध्ये सुचवले होते, पण ते समाजाने आपण होऊन करावे, परक्या सरकारने नव्हे, ही त्यांची भूमिका होती. रा. गो. भांडारकरांनी उलट बाजूने स्मृतिवचने काढून दाखवले की पहिल्याच ऋतूत गर्भाधान केलेच पाहिजे असे बंधन शास्त्रात नाही. न्यायमूर्ती रानडे आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग कायद्याच्या बाजूने उभे राहिले. पुण्यात सभा उधळल्या गेल्या. हा वाद मराठी समाजाच्या इतिहासात मोठा आहे आणि त्यात सुधारकांनी मिळवले ते थोडे नव्हते, कितीतरी मुलींचे प्राण त्याने वाचवले. पण दोन्ही पक्षांचे लिखाण समोर ठेवले की एक उणीव टोचत राहते. ऋतूनंतर नवऱ्याने काय करावे, यावर सारी विद्वत्ता खर्ची पडली. ऋतूत मुलीने कुठे बसावे, तिला काय सांगावे, ती खरोखर अशुद्ध होते का, हे या वादाचे प्रश्नच झाले नाहीत. सुधारकही शास्त्राच्या आधारानेच लढत होते, आणि ज्या शास्त्राने गर्भाधान पुढे ढकलायला परवानगी दिली तेच शास्त्र विटाळाविषयी निःसंदिग्ध होते. एक शस्त्र वापरायचे तर दुसरे मान्य करावे लागले.

परिणाम हळूहळू दिसू लागला. लग्नाचे वय आधी शिकलेल्या शहरी घरांत वाढले, मग कायद्याने. मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालच्या संमतिवय समितीचा अहवाल १९२९ मध्ये आला. त्याच वर्षी सारडा कायदा झाला आणि १ एप्रिल १९३० पासून मुलीचे लग्नाचे वय चौदा ठरले. पुढे ते पंधरा आणि १९७८ मध्ये अठरा झाले. म्हणजे दोन-तीन पिढ्यांच्या आत मुलीची पहिली पाळी सासरऐवजी माहेरी, लग्नानंतरऐवजी लग्नाआधी येऊ लागली. इथे पराशराचे दुसरे वचन आड आले. बारा वर्षे होऊनही मुलीला अविवाहित घरात ठेवणाऱ्या बापाचे पितर तिचे रज पितात, असे ते भयंकर वचन आहे. ज्या घरांनी मुलीला शाळेत ठेवण्याचे धाडस केले त्यांनी हे वचन मोडले, पण मोडल्याचे चारचौघांत सांगण्याचे धाडस केले नाही. सुनेला न्हाण आले की साखर वाटायची होती. लेकीला आले तर कोणत्या तोंडाने वाटणार? गुप्तता इथून सुरू झाली, असे मी मानतो. याला एक पुरावा विधीतच आहे. ब्राह्मण घरांतली ऋतुशांती विसाव्या शतकात पहिल्या पाळीपासून सुटली आणि लग्नाच्या पाठोपाठ उरकण्याचा विधी झाली. पाळी येऊन पाच-सात वर्षे लोटलेल्या मुलीची ऋतुशांती तिच्या लग्नात होऊ लागली. नाव राहिले, ज्या दिवसासाठी ते होते तो दिवस गेला. त्या दिवशी आता काहीच होत नव्हते. आई घाईघाईने जुन्या लुगड्याची घडी हातात देई, कुणाला सांगू नको म्हणे, आणि कुठे कुठे शिवायचे नाही त्याची यादी सांगे.

या मांडणीला एक हरकत लगेच घेता येईल. ‘कावळा शिवला’ हा शब्दप्रयोग जुना आहे आणि तो तर लपवण्यासाठीच आहे. खरे आहे, पण तो लपवतो कुणापासून? आई अशी बाजूला का बसली, हे विचारणाऱ्या लहान मुलांपासून. ज्या मुलीला स्वतःला पाळी आली तिच्याशी त्या घरात कावळ्याची भाषा कुणी बोलत नव्हते. विसाव्या शतकातला बदल हाच की जी भाषा पोरांसाठी होती ती मुलीच्या वाट्याला आली. आणि घराबाहेरही तीच हवा होती. १८९१ मध्ये मुलींच्या ऋतूच्या वयावर कायदेमंडळात चर्चा झाली. त्यानंतर पन्नास वर्षे व्हायच्या आत, र. धों. कर्वे आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या शरीरविषयक प्रश्नांना सरळ उत्तरे देतात म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी दंड चुकला नाही. २००७ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळात गदारोळ होऊन शाळांतले किशोरावस्था शिक्षण बंद पडले, त्याची मुळे इथपर्यंत जातात.

विटाळाच्या बाजूने आज सर्वांत जास्त ऐकू येणारे समर्थन विश्रांतीचे. कष्टाने पिचलेल्या बाईला तीन दिवस सुटका मिळावी म्हणून पूर्वजांनी शहाणपणाने ही सोय केली, असे सांगतात. यात तथ्याचा एक कण आहे, तो नाकारू नये: चार बायकांच्या वाड्यात एकीला चुलीपासून तीन दिवस सुटका मिळे आणि तिला ती हवीही असे. पण सुटका चुलीची होती, कामाची नव्हती. धान्य निवडणे, गोठा, अंगण, बाहेरची धुणी ही कामे तिला चालत, कारण तिथे देव आणि अन्न नव्हते. कुणबिणीला आणि मजुरीवर जाणाऱ्या बाईला तर शेत सुटलेच नाही. शिवाय विश्रांती हा हेतू असता तर तिच्या भंगाला प्रायश्चित्त कशाला लागते? आजारी माणूस अंथरुणातून उठला तर तो पुढच्या जन्मी कुत्रा होतो, असे कुणी म्हणत नाही. दुसरे समर्थन विज्ञानाचा वेष घेऊन येते: तिचा हात लागला की लोणचे नासते, पापड बिघडतात, तुळस जळते. या समजुतीला युरोपातही जागा होती. १९२० मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ बेला शिक यांनी पाळीतल्या स्त्रीच्या हातात फुले कोमेजतात म्हणून तिच्या शरीरात विष असते, असा सिद्धांत मांडला होता. पुढच्या संशोधनात तो टिकला नाही. लोणच्याचे तर उघड आहे. ज्या घरात पाळी लपवली जाते तिथल्या बरण्या कुणाकुणाचे हात लागून वर्षभर चांगल्या राहतात.

तिसरी हरकत अधिक वजनदार आहे. हे सारे ब्राह्मणी पोथ्यांच्या माथी मारता येत नाही, जगभर हेच आहे, असे म्हणता येते. यहुद्यांच्या धर्मग्रंथात ऋतुमतीच्या अशुद्धीचे नियम आहेत, पारशांच्या वेंदिदादमध्ये एक सबंध प्रकरण आहे. गडचिरोलीत भामरागड, एटापल्लीच्या माडिया गोंडांत कुर्माघर आहे आणि त्यांनी धर्मसिंधू वाचलेला नाही. गावाच्या कडेला असलेल्या त्या झोपडीत पाळीच्या दिवसांत बाईने आणि वयात आलेल्या मुलीने राहायचे, स्वयंपाक करायचा नाही, अन्न घरून कुणी आणून द्यायचे. पावसाळ्यात तिथे साप-विंचवाचे भय असते आणि त्याने मृत्यूही झाले आहेत. अलीकडे काही ठिकाणी त्या जागी पक्की, संडास-पाण्याची सोय असलेली घरे बांधून दिली गेली. ही हरकत मला मान्य आहे. रक्ताचे भय मानवजातीइतके जुने असेल. माझा मुद्दा भयाच्या उगमाचा नाही, ते टिकवणाऱ्या यंत्रणेचा आहे. माडियांकडे कुर्माघर ही गावाची जागा आहे. तिथे कोण गेले ते गावाला दिसते, आणि म्हणून त्या जागेविषयी बोलता येते, ती बदलण्याची मागणी करता येते. मध्यमवर्गीय मराठी घरातल्या विटाळाला अशी जागाच उरलेली नाही.

ती जागा शहराने खाल्ली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कोकण-घाटावरची माणसे मुंबईच्या गिरण्यांत आली आणि चाळीतल्या एका खोलीत संसार मांडू लागली. तिथे पडवी नव्हती, मागचे दार नव्हते, बाहेर म्हणजे सामाईक गॅलरी. बाहेर बसायला बाहेरच नव्हते. मग खोलीचा एक कोपरा, एक चटई, एक वेगळे ताट-भांडे, आणि शेजाऱ्यांना कळू नये म्हणून तेही आवाज न करता. विटाळ मरावा अशी सर्वांत चांगली संधी ही होती, आणि कामाच्या रेट्याने स्वयंपाकाचा विटाळ अनेक घरांत गेलाही. ज्या घरात एकच बाई, तिथे चूल कोण पेटवणार? पण देवाचा विटाळ तसाच राहिला, कारण तो पाळायला जागा लागत नाही, फक्त मुलीने स्वतःवर नजर ठेवावी लागते.

तमिळनाडूकडे बोट दाखवून कुणी म्हणेल की तिथे मुलगी वयात आल्याचा सोहळा, मंजळ नीराट्टु विळा, आजही मंडप घालून, पत्रिका छापून होतो, आणि तरी मुलीला देवळात आणि देवघरात मज्जाव आहेच, मग न्हाण राहिले असते तरी काय झाले असते? काही झाले नसते, हे उत्तर मी देतो. सोहळा विटाळाला मारत नाही, दोघे शतकानुशतके शेजारी नांदले हे वर आलेच आहे. पण न्हाण जाताना त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली. घरातल्या आणि गल्लीतल्या बायका एका मुलीभोवती जमून तिच्या शरीराविषयी मोठ्याने बोलत होत्या, गात होत्या, तो एकमेव प्रसंग गेला. लग्नाचे वय वाढवणाऱ्यांनी त्या प्रसंगातले गर्भाधान काढून टाकले ते योग्यच केले. त्या रिकाम्या जागी त्यांनी दुसरे काही ठेवले नाही, शाळेने ठेवले नाही, आणि मुलीपाशी उरली ती मनाईची यादी.

२०१८ हे वर्ष या विषयात गाजले. शबरीमला मंदिरातल्या स्त्रीप्रवेशाचा निकाल आला, सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी उठला, आणि महाराष्ट्र सरकारने जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत पॅडचे पाकीट देणारी अस्मिता योजना सुरू केली. पॅड मिळणे ही मोठी गोष्ट आहे. ओल्या, अंधारात वाळवलेल्या चिंध्यांनी मुलींच्या किती पिढ्यांना आजार दिले त्याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. पण दुकानदार ते पाकीट अजून वर्तमानपत्रात गुंडाळून देतो, आणि त्याच औषधांच्या दुकानात भाद्रपद आला की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मागायला मुली आणि त्यांच्या आया येतात. नॉरएथिस्टेरॉन हे त्यातले औषध, डॉक्टरांनी तपासून द्यायचे, पण पुष्कळदा शेजारणीच्या सांगण्यावरून घेतले जाणारे. गणपती घरात बसणार, दहावी-अकरावीतली मुलगी घरात, खोली एकच. तेव्हा पाळीच्या तारखेआधी चार-पाच दिवस रोज गोळ्या सुरू होतात आणि विसर्जनापर्यंत चालतात. चतुर्थीला गणपती मखरात बसतो, आरतीला ती मुलगी समोर उभी असते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच घरात आजी आघाड्याच्या काड्या आणि ऋषीच्या भाजीची तयारी करते, विटाळशी असताना घडलेल्या दोषांच्या निवारणासाठी.